कॅनरी बेटांची हिवाळी क्रूझ: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

कॅनरी बेटं स्पेनची, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळची. ब्रिटनमधल्या साउथॅम्प्टनहून सुटणारं जहाज पहिल्या खेपेला टाळा. जानेवारीत वाटेतला बिस्केचा उपसागर खवळलेला असतो, शिवाय ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. या बेटांवरच्याच तेनेरीफ किंवा लास पाल्मासहून निघणारी सफर धरा. शेंगेन व्हिसा (स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) मल्टिपल एंट्रीचाच, म्हणजे पुन्हा पुन्हा आत शिरता येणारा, मागा. वाटेत मोरोक्कोचं अगादीर असेल तर सिंगल एंट्रीवर परत शिरता येत नाही.

केबिन जहाजाच्या मध्यावर, खालच्या डेकवर घ्या. बाल्कनी नसली तरी चालेल, हेलकावे कमी बसतात. उलटीची गोळी मळमळायच्या आधी घ्यायची, नंतर ती पोटात टिकत नाही.

किनाऱ्यावर दुपारी वीस-बावीस अंश असतात, तरी जाड जाकीट घरी ठेवू नका. तेनेरीफवरच्या तेइदे ज्वालामुखीची केबल कार 2,356 वरून थेट 3,555 मीटरवर नेते. वर कधी बर्फही असतो. वारा वाढला की ती बंद, त्यामुळे पर्यायी बेत हवाच. लान्सारोते बेटावर तिमानफाया राष्ट्रीय उद्यान चुकवू नका. 1730 ते 1736 च्या ज्वालामुखी उद्रेकाची ही जमीन अजून आतून धगधगते: जमिनीत रोवलेल्या नळीत बादलीभर पाणी ओतलं की क्षणात वाफेचा फवारा उसळतो. जरा लांबच उभं राहा!

आणि परतायची वेळ जहाजाच्या घड्याळाने पाळा, मोबाइलच्या नाही.