दोन आठवडे लेक्चर्स बुडाली, सेमिस्टर गेलं का?

प्रश्न : ताई, मी मूळचा इचलकरंजीचा, पुण्यात मेकॅनिकल केलं आणि आता जर्मनीत मास्टर्सला आलोय. लेक्चर्स ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू झाली पण व्हिसा उशिरा हातात पडला त्यामुळे मी पोचलो महिनाअखेरीस. पहिल्या दिवशी टाइमटेबलात १० लिहिलेलं म्हणून पावणेदहालाच जाऊन बसलो तर वर्गात चिटपाखरू नाही, मला वाटलं बिल्डिंगच चुकली. हजेरी कोणी घेत नाही, इतके दिवस कुठे होतास असंही कोणी विचारत नाही. रूममेट म्हणतो निवांत राहा, परीक्षा फेब्रुवारीत आहे, आधी जॉब शोध. आणि लेक्चर संपल्यावर सगळे टेबल बडवायला लागले, मी घाबरलोच. माझं सेमिस्टर गेलं का?

उत्तर : अरे नाही गेलं, पण रूममेटचं ऐकलंस तर जाईल.

आधी ते दहाचं बघू. टाइमटेबलात वेळेपुढे ‘सी.टी.’ असं बारीक लिहिलेलं असेल बघ, म्हणजे दहाचं लेक्चर सव्वादहाला सुरू होतं, जुनी पद्धत आहे ती तिकडची. ‘एस.टी.’ लिहिलं असेल तर मात्र दहा म्हणजे दहा. (आपल्या एस.टी.शी काही संबंध नाही, ही वेळेवर निघते.)

आता मुद्द्याचं. पुण्यात आपल्याला कोणीतरी मागे लागायची सवय असते, ७५ टक्के हजेरी, डिफॉल्टर लिस्ट, सबमिशनच्या आठवड्यात सरांच्या केबिनबाहेर लाइन, शिव्या खात का होईना पण ढकलत ढकलत पोरगं परीक्षेपर्यंत पोचतं. तिकडे ढकलणारं कोणी नाही. बऱ्याच विषयांना हजेरी नसते, म्हणून पोरांना वाटतं मजा आहे आणि डिसेंबरात कळतं की पाच विषयांचं काहीच झालेलं नाही. तुझ्या विषयाचे क्रेडिट बघ. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास काम धरलेलं असतं, म्हणजे ६ क्रेडिटचा विषय १५०-१८० तासांचा, त्यातले वर्गात बसून फार तर ६० होतात, बाकीचे तुझे तू करायचे, आणि ते कोणी विचारणार नाही. म्हणून तुझे दोन आठवडे बुडाले हे मला तितकं मोठं वाटत नाही, स्लाइड्स पोर्टलवर असतात त्या काढ. पण ‘उबुंग’ म्हणजे गणितं सोडवायचा तास असतो तो एकही सोडू नकोस, परीक्षेत येतं ते बरंचसं तिथलंच. आणि फाखशाफ्ट म्हणून डिपार्टमेंटच्या मुलांचीच एक कमिटी असते, त्यांच्याकडे बऱ्याचदा जुने पेपर मिळतात, लाजू नकोस, जाऊन माग.

सगळ्यात जास्त पोरं जिथे आपटतात ते सांगते. विषयाला नाव घातलं म्हणजे परीक्षेला नाव लागलं असं नसतं! परीक्षेचं रजिस्ट्रेशन वेगळं, त्याची तारीख वेगळी, ती बऱ्याचदा परीक्षेच्या खूप आधी संपते आणि चुकली की चुकली, हातापाया पडून चालत नाही. माझ्या बॅचला एकजण सगळा अभ्यास करून बसला आणि लिस्टमध्ये नावच नाही. दुसरं म्हणजे एका पेपरचे प्रयत्न मोजके असतात, बऱ्याच ठिकाणी तीन, आणि सक्तीच्या विषयात शेवटचा प्रयत्न गेला तर कोर्समधूनच बाहेर. आपल्यासारखं बॅकलॉग घेऊन पुढे जाऊ हा हिशोब तिथे बसत नाही. तुझ्या कोर्सची परीक्षेची नियमावली असते, प्रूफुंग्सऑर्डनुंग, ती आज रात्री वाच, जर्मन येत नसेल तर ट्रान्सलेटरमध्ये टाकून वाच पण वाच.

प्रोफेसरला मेल कर, चार ओळींचा, व्हिसामुळे उशीर झाला आणि आधीचं काही जमा करायचं राहिलंय का एवढंच. आजारपण, गरिबी, वडिलांचं कर्ज काही घालू नकोस.

जॉबचं म्हणशील तर ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवलेलं खातं) महिन्याचे पैसे येतायत तोवर पहिलं सेमिस्टर जरा सांभाळ, असं माझं मत. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे, ती कुठे पळून जात नाही.

हो, आणि मार्क उलटे असतात, १.० सर्वात भारी, ४.० ला पास, ५.० म्हणजे नापास. घरी आधी हे समजावून सांग, मी १.७ मिळाले सांगितल्यावर बाबा फोनवर दोन मिनिटं गप्प होते.

टेबल बडवतात त्या टाळ्या असतात रे, रागावलेले नसतात. बोटांच्या सांध्यांनी टकटक करायचं. मी पहिल्या दिवशी खऱ्या टाळ्या वाजवल्या होत्या, सव्वाशे पोरांत एकटीने.