‘संवर्धन’ म्हणजे वाढवायचं का? – राखणे, निगा आणि रानातली जनावरं

राधानगरी तालुक्यातल्या शाळेत शिकवणाऱ्या एका ताईंनी प्रश्न पाठवलाय. वन्यजीव सप्ताहासाठी त्यांनी शाळेच्या भिंतीवर ‘वन्यजीव संवर्धन’ असं लिहायला घेतलं तर पाचवीतला एक पोरगा म्हणाला, "बाई, संवर्धन म्हंजे वाढवायचं न्हवं? मग गवं अजून वाढवायचं? आमचा ऊस ऱ्हाणार काय?" ताईंना पटकन उत्तर सुचलं नाही. मग त्यांचं लक्ष गेलं की कायद्याच्या नावात ‘संरक्षण’ आहे, पोस्टरवर ‘संवर्धन’ असतं, ग्रामपंचायतीच्या समितीच्या नावात ‘व्यवस्थापन’ आणि भाषणात ‘जतन’. यात फरक काय, आणि याला आपला जुना शब्द आहे का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, पहिल्यांदा त्या पोराला माझ्याकडून शाबासकी द्या. त्यानं शब्द बरोबर फोडलाय. वृध् म्हणजे वाढणे, त्यावरून वर्धन म्हणजे वाढवणं, आणि सं लागला की नीट, सांभाळून वाढवणं. गावात हा शब्द येतो तो बहुतेक ‘पशुसंवर्धन’ मधून, म्हणजे गाईम्हशी, लसीकरण, रेतन, दूध, नाहीतर ‘मत्स्यसंवर्धन’ म्हणजे तळ्यात बीज सोडून मासे मोठे करणं. दोन्हीकडं माणूस जनावर पाळतो आणि वाढवतो. मग तोच शब्द गव्याला लावला तर पोरानं दुसरं काय समजायचं? गवा कुणी पाळत नाही, त्याला कोण वैरण घालत नाही, त्याचं रान जागेवर राहिलं तर तो आपला आपण राहतो.

‘संरक्षण’ चा घोळ वेगळाच आहे. ‘पीक संरक्षण’ म्हटलं की औषध फवारणी, कीड मारणं, आणि पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवानासुद्धा असतो. म्हणजे एकाच शिवारात ‘पीक संरक्षण’ आणि ‘वन्यजीव संरक्षण’ एकमेकांसमोर उभे. शब्द एकच आणि कुणापासून कुणाचं ते मात्र उलटंपालटं.

आता हा गोंधळ झाला कसा ते बघू, कारण यात एक गोष्ट अशी आहे जी मला कळली तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. इंग्रजीत प्रोटेक्शन आणि कॉन्झर्वेशन हे दोन वेगळे शब्द आहेत. आपण प्रोटेक्शनला संरक्षण केलं ते ठीक, पण कॉन्झर्व्हेटर ऑफ फॉरेस्ट्सला पण ‘वनसंरक्षक’ केलं, आणि पुढं 2002 च्या दुरुस्तीनं कायद्यात कॉन्झर्वेशन रिझर्व्ह आलं त्याला ‘संवर्धन राखीव’ म्हटलं. म्हणजे साहेबाच्या पाटीवर जो शब्द संरक्षण झाला तोच जंगलाच्या पाटीवर संवर्धन. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड अशी संवर्धन राखीव क्षेत्रं झालीत, पाट्या आता सगळीकडं दिसतील, तेव्हा हा प्रश्न अजून पोरं विचारणार.

आणि ती गोष्ट अशी की निसर्गाच्या बाबतीत कॉन्झर्वेशन हा शब्द जगभर गाजवला तो अमेरिकेतल्या गिफर्ड पिंचो या वनाधिकाऱ्यानं, 1907 च्या आसपास. आणि त्यानंच पुढं लिहून ठेवलंय की हा शब्द सुचायला हिंदुस्थानातली सरकारी जंगलं कारण झाली, तिकडं जंगलांना कॉन्झर्व्हन्सी आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांना कॉन्झर्व्हेटर म्हणायचे. मुंबई इलाख्यात तर 1847 सालीच हे पद निर्माण झालं होतं, त्यावर पहिला माणूस बसला तो अलेक्झांडर गिब्सन, मूळचा सर्जन आणि त्याआधी पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख. म्हणजे आपल्याच मुलखातल्या सरकारी पदाचं नाव अमेरिकेत गेलं, तिथं चळवळ झालं आणि फिरून आपल्याकडं ‘संवर्धन’ होऊन आलं.

गिब्सनच्या वेळी काळजी होती ती सागवानाची, कारण जहाजांना सागवान लागायचं. आणि इथं मला आपलं आज्ञापत्र आठवतं, म्हणजे राज्यकारभार कसा करावा हे सांगणारा ग्रंथ, रामचंद्रपंत अमात्यांचा, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या काळातला, 18व्या शतकाच्या सुरुवातीचा. आरमाराला लाकूड पाहिजे तर काय करायचं हे त्यात आहे. सागवान हुकमाशिवाय तोडायचं नाही. आंबा, फणस यांना हात लावू द्यायचा नाही, का, तर ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरासारखी बहुत काळ जतन करून वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झालेलं झाड घ्यायचं झालं तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानं घ्यायचं, जबरदस्ती नाही. ताई, ते ‘जतन करून वाढवणे’ बघा. यत्न पासून जतन आलं, म्हणजे त्यात कष्ट आहेत, आणि त्याला जोडून वाढवणं. आपण आज जे दोन शब्द भांडत ठेवलेत ते तिथं एका ओळीत शेजारी शेजारी बसलेत, आणि ते झाडाबद्दल आहेत, जे माणसानं लावलेलं आहे, म्हणून तिथं वाढवणं शोभतं.

‘अभयारण्य’ या शब्दाबद्दल पण दोन ओळी, कारण काही लोक त्याला नवा सरकारी शब्द समजतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘अभयवन’ आहे, आणि अशा वनातल्या पशुपक्ष्यांना आणि माशांना पकडणाऱ्याला किंवा मारणाऱ्याला सगळ्यात वरचा दंड सांगितलाय. फक्त एक ध्यानात ठेवायचं, त्या काळापासून अगदी संस्थानी काळापर्यंत जनावर राखायचं ते बऱ्याचदा राजाच्या शिकारीसाठी. आपल्या कोल्हापुरात शिकारी चित्ते होते, त्यांना काळवीटांवर सोडायचे, सांभाळणाऱ्याला चित्तेवान म्हणायचे, आणि देशातले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणवले. 1952 मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. आणि त्यानंतर सहाच वर्षांनी, 1958 साली, संस्थानाच्या जुन्या शिकारीच्या रानात दाजीपूरचं गव्यांचं अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. 1985 मध्ये ते वाढून राधानगरी अभयारण्य झालं, 351 चौरस किलोमीटर. ज्या रानात राजे शिकारीला जायचे तेच रान अभयाचं झालं, ‘अभय’ शब्दाला इतका खरा अर्थ क्वचितच मिळतो.

आता व्यवस्थापन. हा शब्द मलाही कोरडा वाटतो, बँकेत बसल्यासारखा. इंग्रजीत या विषयाचा पाया घातला आल्डो लिओपोल्ड या माणसानं, 1933 साली त्यानं गेम मॅनेजमेंट याच नावाचं पुस्तक लिहिलं. गेम म्हणजे शिकारीचे प्राणी, आणि त्याची व्याख्या पण शेतकऱ्यासारखी होती, जमिनीतून दरवर्षी शिकारीचं ‘पीक’ टिकून येत राहील असं बघायची कला. पुढं त्याचा विचार खूप बदलत गेला, शिकारीच्या पलीकडं सगळ्या रानाचा विचार तो करायला लागला. पण त्याचं एक म्हणणं मला फार महत्त्वाचं वाटतं, की कुऱ्हाड, नांगर, गाय, आग आणि बंदूक या ज्या पाच गोष्टींनी रानातली जनावरं संपवली, त्याच डोकं लावून वापरल्या तर ती परत येऊ शकतात. आपल्याकडची ‘जाळरेषा’ घ्या. उन्हाळा कडक व्हायच्या आधी गवताचा एक पट्टा मुद्दाम जाळून काढतात, म्हणजे वणवा आला तर तिथं येऊन थांबतो. रान राखायला रानाचाच पट्टा जाळायचा, ‘संरक्षण’ या शब्दात हे बसतच नाही, म्हणून दुसरा शब्द लागतो.

तो दुसरा शब्द माझ्या मते ‘निगा’. आपण निगा राखणे म्हणतो. निगा आला फारसी निगाह वरून, म्हणजे नजर. म्हणजे पहिल्यांदा बघायचं, मग करायचं. या शास्त्राची सुरुवात पण तिथूनच होते, कुठलं जनावर किती आहे, पिल्लं किती जगतात, पाणी कुठल्या महिन्यात आटतं, गवत कधी निबर होतं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाणावर बसून मोजतात ती निगा, आणि तुमच्या गावची लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातली झाडं, जनावरं, पाखरं लिहून ठेवायची वही, असते ती पण निगाच. प्रत्येक जनावराला चार गोष्टी लागतात, खाणं, पाणी, आसरा आणि फिरायला जागा, यातली जी सगळ्यात कमी असेल तिच्यावर त्याची संख्या अडते. आणि प्रत्येक रानाला एक मर्यादा असते, त्याला पुस्तकात धारणक्षमता म्हणतात पण आपला ‘पेलणं’ हा शब्द काय वाईट आहे? "हे कुरण एवढी जनावरं पेलत न्हाई" हे कुठलाही गुराखी सांगेल. गुराखी म्हणजे तरी काय, गुरं राखणारा. तो गुरं नुसती चारत नाही, गवत मुळापर्यंत जायच्या आत कळप वळवतो.

म्हणजे आलो शेवटी ‘राखणे’ वर, ताई, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच आहे. संस्कृत रक्ष्, प्राकृतात रक्ख, मराठीत राख. पण मराठीत येईपर्यंत त्याला असे काही अर्थ चिकटलेत की संरक्षण त्याच्या जवळ पण येत नाही. पीक राखणे म्हणजे पहारा. कुरण राखणे म्हणजे काही महिने चराई बंद, मग गवत कापायचं. बियाणं राखून ठेवणे म्हणजे पुढच्या वर्षाचा विचार. हात राखून वापरणे म्हणजे सगळं एकदम न संपवणं. आणि राखीव जंगल, राखीव जागा, राखणदार. पहारा, बंदी, काटकसर, पुढची पिढी, चारी गोष्टी एका धातूत आहेत. कायद्यानं तर ‘राखीव’ घेतलाच, 1878 च्या वन कायद्यापासून राखीव आणि संरक्षित अशी जंगलं वेगळी आहेत, राखीव मध्ये बंदी जास्त कडक. गावानं आपापले शब्द केलेत ते पण किती सरळ आहेत, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, कुणाला समजवावं लागत नाही. आणि देवराई, जिथून वाळकी काटकी पण आणायची नाही, ते खरं जतन, काहीच न वापरता जसंच्या तसं ठेवणं. तिथं निगा पण लागत नाही, भीती आणि श्रद्धा पुरते.

माझे मामा दाजीपूरच्या बाजूला असायचे. थंडीत त्यांच्या उसाला राखणीला मी दोन-तीनदा गेलोय, माळ्यावर, कांबळं पांघरून, खाली शेकोटी. रात्री कधीतरी ऊस मोडल्याचा कडाकडा आवाज आला. मामांनी बॅटरी मारली तर आधी डोळे चमकले आणि मग खाली पांढरे पाय दिसले, काळ्या अंधारात नुसतेच चार पांढरे पाय, वरचं अंग कळतच नाही एवढं काळं. मामांनी पत्र्याचा डबा बडवला, मोठ्यांदा खाकरले, आणि म्हणाले, "जा बाबा, तुझं रान तिकडं." गवा घाई न करता वळला. सकाळी सरीत खूर उमटले होते, माझ्या पंजापेक्षा मोठे, आणि एका कोपऱ्यातला ऊस पार आडवा. मामा नुकसानीनं वैतागले होते, वर्षाचं पीक ते, पण जत्रेत कुणीतरी देवराईतली फांदी तोडली तेव्हा त्याच्यावर सगळ्यात जास्त ओरडले ते पण मामाच. ते दोन्ही कामांना एकच शब्द वापरायचे, पीक राखायचं आणि रान बी राखायचं.

म्हणून त्या पोराला सांगा, नाही, गवे वाढवायचे नाहीत. गव्याचं रान राखायचं, तिथं गवत आणि पाणी राहील याची निगा ठेवायची, म्हणजे त्याला उसात उतरायची गरज कमी पडेल, आणि तरी उतरला तर शेतकऱ्याला भरपाई वेळेत मिळायला पाहिजे, ती पण राखणीचाच भाग आहे. राजाला आरमारासाठी झाड पाहिजे असलं तरी धन्याला राजी करा असं 300 वर्षांपूर्वी लिहिलं गेलं, तर ज्याच्या शिवारात गवा येतो त्याला राजी केल्याशिवाय गवा कसा राहील?

शब्द कुठं कुठला वापरायचा म्हणाल तर कायद्याचं नाव आलं की ‘वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972’ असंच लिहा, तिथं बदल नको. परीक्षेच्या उत्तरात ‘संवर्धन’ चालेल, सगळीकडं रूढ झालाय आणि मी काही तो काढून टाका म्हणत नाही, फक्त पोरांना सांगताना ‘टिकवणं’ असा अर्थ सांगा, ‘वाढवणं’ नको. व्याघ्र प्रकल्प या शब्दाचं असंच झालंय बघा, 1973 साली प्रोजेक्ट टायगर ही योजना आली तिचं भाषांतर ते, पण आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्प म्हटलं की आपण जागा समजतो, योजना नाही, आणि कुणाचं काही अडत नाही. पण भिंतीवर, गावातल्या लोकांनी येताजाता वाचायचं असेल तर माझं मत आहे की सरळ ‘रान राखूया, रानाची निगा राखूया’ लिहा, म्हाताऱ्या माणसाला पण कळेल.

आणि चित्राखाली ‘बायसन’ लिहू नका, ‘गवा’ च लिहा. बायसन अमेरिकेत आणि युरोपात, तो वेगळा प्राणी, आपला गवा गाईच्या जवळचा, गवय या जुन्या शब्दाचं नाव अजून बाळगून आहे. त्याच पोराला रंगवायला द्या, आणि त्याला सांगा गुडघ्याखाली पाय पांढरे ठेवायचे, चित्रात ते हमखास राहून जातं.