पद्मिनीत जिप्सीचं इंजिन बसेल का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात जुन्या फियाटबद्दल, म्हणजे आपल्या प्रीमियर पद्मिनीबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला, आणि निम्म्याहून जास्त पत्रांत एकच विषय, जुन्या गाडीत नवं इंजिन आणि तेही घरच्या घरी. मी स्वतः तीन गाड्यांत हे केलंय, दोन नीट झाल्या, एक मला परत मूळ इंजिनावर आणावी लागली. म्हणून या वेळी दुसरे प्रश्न बाजूला ठेवले, त्यांची उत्तरं पुढच्या अंकात नक्की.

काका, आजोबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आठ वर्षं शेडमध्ये उभी आहे, इंजिन जाम झालंय. ओळखीतून स्विफ्टचं इंजिन स्वस्तात मिळतंय. मी आणि माझे दोन मित्र मेकॅनिकलला आहोत, अंगणात जागा आहे. बसवू का?
एक वाचक, नाशिक

स्विफ्टचं नको रे बाळा. स्वस्त आहे, चांगलंही आहे, पण ते गाडीत आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. तुझ्या पद्मिनीत इंजिन उभं, मागे गिअरबॉक्स, मग प्रोपेलर शाफ्ट, मग मागच्या एक्सलचं हाऊसिंग. ते आडवं इंजिन तुझ्यात घालायचं म्हणजे गाडीचा पुढचा भाग नवीन बनवण्यासारखं आहे, आणि पद्मिनीला जीपसारखी वेगळी चॅसिस नाही, बॉडी हीच चॅसिस, त्यामुळे पत्रा कापलास की गाडीचा कणाच कापलास.

मारुतीचंच हवं असेल तर मागची चाकं फिरवणाऱ्या गाडीचं बघ. जिप्सीचं १२९८ सीसी एमपीएफआय (म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनचं), ८० हॉर्सपॉवर, सोबत पाच गिअरचा बॉक्स, लोक जास्त करून हेच घालतात. जुन्या ईकोचं ११९६ सीसीचंही उभंच इंजिन आहे. तुझं मूळ १०८९ सीसीचं, चाळीसेक हॉर्सपॉवरचं, म्हणजे जिप्सीचं घातलं तर ताकद जवळजवळ दुप्पट होते हे डोक्यात ठेव, ब्रेकचं खाली बोलू.

आणि घेताना नुसतं इंजिन घेऊ नकोस. गिअरबॉक्स, क्लच, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, चावी, पेट्रोल पंप, एअर फिल्टरचा डबा, सगळं एकाच गाडीचं घे. फियाटचा जुना गिअरबॉक्स ठेवून मधे ॲडॅप्टर प्लेट टाकायचा मोह होतो कारण स्टिअरिंगजवळचा हँड गिअर तसाच राहतो, पण त्या प्लेटचं सेंटर जरा जरी सरकलं तरी गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग आणि क्लचप्लेट दोन्ही खातं, ते काम डायल गेज लावून करणाऱ्या चांगल्या टर्नरचं आहे, अंदाजाने भोकं पाडून होत नाही. जिप्सीचा बॉक्स घेतलास तर अजून एक, तिच्या स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) निघते, गिअरबॉक्समधून नाही. तू ट्रान्सफर केस काढणार, म्हणजे काटा कसा हलवायचा ते आधी ठरव.

पण या सगळ्याच्या आधी एक कर. इंजिन खरंच जाम आहे का ते बघ. चारही प्लग काढ, प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे इंजिन ऑईल आणि डिझेल मिसळून ओत, चार दिवस हात लावू नकोस. मग क्रँकच्या पुलीच्या नटला मोठा पाना लावून हळूहळू मागेपुढे कर, जोर नको, झटका तर अजिबात नको. आठ वर्षं उभ्या गाडीच्या रिंगा गंजून लाइनरला चिकटलेल्या असतात आणि बरेच वेळा त्या अशा सुटतात. पाना एक बोटभर जरी हलला ना, तर आजोबांना हाक मार आणि पुढचं त्यांच्यासमोर कर.

सर, जिप्सीचं इंजिन आणलं, चेन ब्लॉकला लटकवून खाली सोडलं तर सम्प (इंजिनाखालचं ऑईलचं भांडं) पुढच्या क्रॉस मेंबरला, म्हणजे आडव्या बीमला टेकतो. वेल्डर म्हणतो क्रॉस मेंबर अडीच इंच कापू आणि खालून पट्टी मारू. करू द्यावं का?
एक वाचक, सांगली

नाही. हे मी अगदी हात जोडून सांगतो, त्याला गॅस कटर बाजूला ठेवायला सांगा. त्या क्रॉस मेंबरवर पुढचं सस्पेंशन टेकलेलं आहे, दोन्ही चाकांचा मार तो खातो, खालून पट्टी मारली तरी पहिल्यासारखी ताकद येत नाही आणि खड्ड्यात एकदा वाकला की व्हील अलाइनमेंट आयुष्यात जुळणार नाही.

बदलायचा तो सम्प. सम्प काढा, जिथे टेकतो तिथे खडूने खूण करा, तेवढा भाग कापून वर घ्या आणि जितकं ऑईल कमी झालं तितकी जागा मागे किंवा बाजूला खोली देऊन भरून काढा. आतली ऑईल ओढायची जाळी तळापासून साधारण आठ-दहा मिलिमीटरवर यायला हवी, पाइप त्याप्रमाणे वळवून घ्यावा लागतो. वेल्डिंग झाल्यावर सम्पमध्ये रॉकेल किंवा डिझेल भरून रात्रभर खाली कागद अंथरून ठेवा, सकाळी कागदावर एक ठिपका दिसला तरी परत वेल्ड. आणि शेवटी सम्प क्रॉस मेंबरच्या खाली लोंबत नाही ना ते बघा, नाहीतर आपल्याकडचे स्पीड ब्रेकर पहिल्याच आठवड्यात तो फोडतील.

आता इंजिन लटकलेलंच आहे तर माउंटिंग वेल्ड करायच्या आधी थांबा, कारण माझी तिसरी गाडी इथेच फसली. मी इंजिन बसेल तसं बसवलं, माउंटिंग पक्कं केलं, मग शाफ्ट बनवायला दिला. गाडी सुरू झाली, गल्लीत छान चालली, घरच्यांनी पेढे वाटले, आणि हायवेला साठच्या पुढे गेल्यावर सीटखालून अशी घरघर सुरू झाली की आरशात मागची गाडी दिसेना. दोन वेळा शाफ्ट बॅलन्स केला, शाफ्टच्या टोकांचे क्रॉस (वळणारे सांधे) बदलले, टायर बदलले. दोष शाफ्टचा नव्हताच. गिअरबॉक्सचं शेपूट खाली झुकलेलं आणि मागच्या हाऊसिंगचं तोंड वेगळ्याच कोनात. ही दोन टोकं एकमेकांना समांतर हवीत, म्हणजे शाफ्टच्या पुढच्या क्रॉसला जेवढा कोन तेवढाच मागच्या क्रॉसला, आणि तोही दोन-तीन डिग्रीच्या आसपास. कोन मोजायला सुताराकडची डिग्रीवाली लेव्हल पुरते, हल्ली मोबाइलवरही मोजता येतो. मोजायचं मात्र चाकं जमिनीवर टेकलेली असताना, जॅकवर नाही, कारण जॅकवर मागचा एक्सल लोंबतो आणि माप खोटं येतं. शाफ्टला मधे सेंटर बेअरिंग असेल तर मधला कोनही धरा. मी तेव्हा गिअरबॉक्सखाली पॅकिंग घालून बराच कोन काढला तरी टनेलच्या (गिअरबॉक्सवरच्या फुगीर भागाच्या) पत्र्याला बॉक्स लागायला लागला आणि शेवटी गाडी मूळ इंजिनावर आणली.

तेव्हा क्रम असा ठेवा, आधी इंजिन लाकडी ठोकळ्यांवर टेकवा, बॉनेट लावून बघा, स्टिअरिंगचा रॉड, रेडिएटरचा पंखा, सायलेन्सरचा पाइप सगळ्याला बोटभर अंतर आहे का बघा, कोन जुळवा, मग माउंटिंग. आणि माउंटिंगच्या ब्रॅकेटखाली पत्र्याला डबलर प्लेट हवीच, जुना पत्रा एकट्याने भार घेणार नाही.

माझ्या पद्मिनीत ईकोचं इंजिन बसलंय. सेल मारला की सुरू होते, पाच-दहा सेकंदात बंद. पुन्हा सेल, पुन्हा बंद. इलेक्ट्रिशियन तीन झाले.
एक वाचक, ठाणे

तुम्ही पंप कुठला लावलाय ते लिहिलं नाहीत, पण माझा अंदाज आहे की कार्बोरेटरच्या गाडीचा लावला असणार. कार्बोरेटरला पाव बारच्या आसपास प्रेशर पुरतं, इंजेक्शनच्या इंजिनाला तीन बारच्या आसपास लागतं, दहा-बारा पट. रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या पाइपवर) प्रेशर गेज लावून बघा, सुरू करताना काटा चढून लगेच पडत असेल तर तिथेच उत्तर आहे. दुसरी शक्यता इमोबिलायझर. ज्या गाडीचं वायरिंग आणलं तिची मूळ चावी आणि तिचं युनिट जोडलेलं नसेल तर ईसीयू इंजिन चालू देत नाही. तिसरं म्हणजे अर्थिंग, जुन्या बॉडीवर रंगाचे चार थर असतात, त्यावर अर्थचा बोल्ट आवळला तर तो आवळल्यासारखाच नाही. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा आणि बॅटरी ते इंजिन ब्लॉक जाड केबल वेगळी टाका.

आता एक गोष्ट कळकळीने. तीन बारचं पेट्रोल कृपा करून जुन्या पाइपातून आणि साध्या क्लिपने नेऊ नका. पाइप इंजेक्शनचाच घ्या, क्लिप त्याच कामाची घ्या, पंपाची वायर ईसीयूच्या रिलेमधूनच न्या म्हणजे इंजिन बंद पडलं की पंपही बंद पडतो. थेट चावीवर पंप जोडलेल्या गाड्या मी पाहिल्यात, ॲक्सिडेंटमध्ये इंजिन थांबतं आणि पंप मात्र फुटलेल्या पाइपातून पेट्रोल ओततच राहतो. काम चालू असताना फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा, आतल्या खोलीत नाही.

इंजिन बदललं तर आरसी बुकाचं काय? गॅरेजवाला म्हणतो कोण बघतंय.
एक वाचक, पुणे

बघतात. आपल्या खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं, तेव्हा चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही तपासतात. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलंय. मालकाने असा बदल केला तर कलम १८२ अ खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची लेखी परवानगी, आणि ती मिळते बहुतेक त्याच मेकच्या, त्याच प्रकारच्या इंजिनाला. पद्मिनीत मारुतीचं म्हटल्यावर नाही म्हणण्याची शक्यताच जास्त, म्हणून एक रुपया खर्च करायच्या आधी अर्ज घेऊन जा आणि काय म्हणतात ते लेखी घ्या. परवानगीशिवाय रस्त्यावर आणली आणि ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्स कंपनी क्लेम नाकारू शकते, आणि समोरच्या माणसाचं नुकसान तुमच्या खिशातून जाऊ शकतं.

जुनं इंजिन कुर्ल्याला सीएसटी रोडवर घ्या नाहीतर गावातल्या भंगारात, पक्कं बिल, इंजिन नंबर आणि ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची कॉपी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलिसांसमोर तुम्ही उभे राहणार.

आणि गाडी पन्नास वर्षांच्या पुढची असेल तर अजूनच विचार करा. २०२१ च्या नियमांप्रमाणे तिला व्हिंटेज म्हणून व्हीए अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते, पण गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. ती गाडी रोज चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती वगैरेसाठीच, तरी तो मान इंजिन बदललं की गेला.

ब्रेक बदलावे लागतात का?
एक वाचक, कोल्हापूर

हो. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम, चाळीस हॉर्सपॉवरसाठी बनवलेले. निदान पुढे डिस्क, सोबत त्या मापाचा मास्टर सिलिंडर, आणि दोन सर्किटचा, म्हणजे एक पाइप फुटला तरी दोन चाकांना ब्रेक राहतो. ब्रेकचं काम इंजिनच्या आधी करा.

मी निवृत्त आहे. १९७८ ची पद्मिनी, मीच दुसरा मालक. इंजिन धूर मारतं, मुलं म्हणतात बाबा नवीन टाका, मला मूळच ठेवावंसं वाटतं. पार्ट मिळतील का, की मी उगाच हट्ट करतोय?
एक वाचक, रत्नागिरी

हट्ट नाही साहेब, तुमचं म्हणणं बरोबर आहे. मुलांचंही मी समजू शकतो. इंजिन बदलणं काही पाप नाही, आपल्या कंपन्यांनी स्वतः केलंय. प्रीमियरनेच १९८५ मध्ये ११८ एनईला निस्सानचं ११७१ सीसी इंजिन दिलं, अँबेसिडरला नव्वदच्या दशकात इसुझूचं १८०० सीसी बसलं आणि ती गाडी वेगळीच पळायला लागली. पण तिथे इंजिनिअरांची फौज होती, टेस्टिंग होतं, सरकारची मंजुरी होती. आपल्याकडे अंगण आणि रविवार असतो.

तुमचं इंजिन निळा धूर मारत असेल तर रिंगा आणि व्हॉल्व्ह गाइड, एवढ्यावर भागू शकतं. आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या, मग उघडायचं की नाही ते ठरवा. उघडलंच तर बोअर, पिस्टन, बेअरिंग शेल एकदाच करून टाका, आणि हेड मशीनवर जाईल तेव्हा एक्झॉस्टच्या व्हॉल्व्ह सीट कडक धातूच्या बसवून घ्या, कारण तुमची गाडी शिशाच्या पेट्रोलच्या काळातली आहे आणि ते पेट्रोल २००० सालीच बंद झालं. पार्ट अजून मिळतात. मुंबईत काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होती, तिच्यासाठी बनलेले पार्ट दुकानांत पडून आहेत आणि ते हात लावून ओळखणारे मिस्त्रीही आहेत, पन्नाशी-साठीतले. त्यांच्याकडे आत्ता जा, पाच वर्षांनी नको.

एक काम मात्र या आठवड्यातच करा. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते जुनं रबर खातं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप, पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, कार्बोरेटरची वॉशर किट बदलून घ्या, खर्च फार नाही. पाइप बदलल्यावर पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा बॉनेट उघडं ठेवा, एका मुलाला टाकीपाशी आणि एकाला कार्बोरेटरपाशी उभं करा, आणि पेट्रोलचा वास आला की लगेच ओरडायला सांगा.