झाकण झाकणच का दिसतं?

प्रश्न : काका, मी आठवीत आहे. शाळेच्या प्रदर्शनासाठी थर्माकोलचं अंतराळयान केलं. स्प्रे मारला तर पंखांना भोकं पडली. शिवाय वर चिकटवलेली झाकणं झाकणंच दिसतात. काय करू? – एक वाचक, खानापूर

उत्तर : भोकं रंगातल्या थिनरनं पाडली रे, तुझं काही चुकलं नाही. डब्यातल्या स्प्रेमधला थिनर थर्माकोल विरघळवतो. उरलेल्या भागाला पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचे दोन हात दे आणि वाळल्यावर ब्रशनं अॅक्रिलिक रंग लाव. थर्माकोलला स्प्रे पुन्हा नको.

पण खरं सांगू? नवीन यानाला बाटलीच घे की. बुडाला त्रिकोणात आकडा असतो. १ असला तर पॉलिशपेपर मारून रंग धरतो. २ किंवा ५ असला तर पापुद्रे निघतात, फेव्हिक्विकही टिकत नाही. चाळीस वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीचे लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, केले मी, तरी पहिलं यान शाम्पूच्या बाटलीचं केलं. सकाळी बघतो तर चारही इंजिनं टेबलाखाली! इंजिनं म्हणजे वडगावातल्या मागावरच्या रिकाम्या कांड्या.

आता झाकणं. अख्खं झाकण सरळ लावलंस तर कुणीही ओळखणार. ते अर्धं काप, उलटं बसव, त्यावर रिफिलचा तुकडा आडवा टाक, बाजूला जुन्या रिमोटमधली एखादी पट्टी. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’च्या यानांवरही रणगाड्यांच्या आणि विमानांच्या खेळण्यातल्या किटांचे भाग असेच चिकटवले होते. अशा बारीक खटपटीला ‘ग्रीबल’ म्हणतात. ती सगळीकडे सारखी पेरू नकोस. इंजिनाजवळ दाटी कर, पाठ मोकळी सोड. मग सगळ्यावर एकच करडा हात. रंग एक झाला की कुठली वस्तू कुठून आली ते कळत नाही. ओल्या हवेत मात्र स्प्रे मारू नकोस, रंग दुधाळ होतो, आणि खानापूरचा पाऊस तुला मी काय सांगणार!

दारं-खिडक्या आधी ठरव. यान ३५ सेंटिमीटरचं आहे असं धर. १:७२ मापानं, म्हणजे यानावरचा एक सेंटिमीटर खऱ्यातले ७२ धरून, ते खरं २५ मीटर होतं, म्हणजे एकामागे एक दोन बस. त्याला दार पावणेतीन सेंटिमीटरचं लागेल. १:३५० धरलंस तर तेच यान १२२ मीटरचं, आणि दार जेमतेम ६ मिलिमीटर. खिडकी टाचणीनं टोचलीस तरी चालेल. तुझ्या यानाला नखाएवढी खिडकी असेल, म्हणूनच ते डब्यासारखं दिसत असणार.

माझ्या दुसऱ्या यानाच्या माथ्यावर मी कुकरची शिट्टी उभीच लावली होती, वर करडा रंगही दिला होता. आमच्या हिनं दारातूनच ओळखली. त्या दिवशी डाळ पातेल्यात शिजली.