उत्खनन शिकण्यासाठी परदेशातल्या समर फील्ड स्कूलला पैसे भरून जावं, की गोव्यातच काही सोय होईल? (फोंडा, इतिहास, शेवटचं वर्ष)

पैसे भरण्याआधी त्यांना एवढंच विचारा: सेक्शन, म्हणजे खोदलेल्या चौकोनाच्या उभ्या भिंतीतल्या थरांचं ड्रॉइंग, कोण काढतं? विद्यार्थी काढत असतील तर खुशाल जा. ‘ते सुपरवायझर बघतात’ असं उत्तर आलं, तर पैसे मोजून घमेली वाहायची तयारी ठेवा.

चिडून लिहितोय, कारण सेक्शन हाताने काढायचा की फोटोवर भागवायचं, हा वाद जुना आहे. एका शिबिराच्या प्रमुखांच्या मते हाताने ड्रॉइंग म्हणजे कारकुनी. फोटो काढा, पुढचं संगणक बघेल. आपल्या जांभ्याच्या मातीत हे चालतच नाही. दुपारच्या उन्हात चौकोनाची भिंत वाळते, सगळे थर एकाच तांबड्या रंगाचे दिसू लागतात आणि फोटोतही तेच येतं. त्याच भिंतीवर सकाळी सावलीत ट्रॉवेल (छोटी थापी) फिरवा, स्प्रेने पाण्याचा हलका फवारा मारा. दुसऱ्या थरातून खाली गेलेल्या खड्ड्याची कड वर येते: आत भुसभुशीत, चुन्याचे कण असलेली माती, बाहेर घट्ट. ती कड निसटली की खड्ड्यातला निळ्या नक्षीचा चिनी मातीचा तुकडा खालच्या थराच्या पिशवीत जातो आणि त्या थराचा काळ काही शतकं पुढे सरकतो. हात फिरल्याशिवाय ही कड कळत नाही, आणि ड्रॉइंग करायचं म्हटलं की हात फिरवावाच लागतो.

काढायची रीत अशी. दोन्ही टोकांना खिळे, मध्ये ताणून सुतळी. लाइन लेव्हल (बुडबुड्याची छोटी पातळी) सुतळीच्या बरोबर मध्यावर टांगायची, कारण सुतळीला झोळ पडतो आणि टोकाशी बुडबुडा खोटं बोलतो. लेव्हल उलटी टांगून पुन्हा बघायची. सुतळीची उंची डम्पी लेव्हलने (तिपाईवरच्या दुर्बिणीने) बेंचमार्कशी, म्हणजे उंची माहीत असलेल्या पक्क्या खुणेशी, जोडायची, नाहीतर ते ड्रॉइंग अधांतरी. मग दर 20 सेंटिमीटरला ओळंबा सोडून थराच्या कडेपर्यंतचं अंतर. टेप भिंतीला टेकवून मोजू नका, भिंत कलती असते. ग्राफवर 1:10, म्हणजे 1 मीटरला 10 सेंटिमीटर. खात्रीची कड सलग रेषेने, शंकेची तुटक रेषेने.

चौकोन आखण्यातही असंच. 5 मीटरच्या चौकोनाचा कर्ण 7.07 मीटर आला पाहिजे, आणि दोन्ही कर्ण मोजायचे. खुंटी हलली की पुढची प्रत्येक नोंद हलते. नोंद किती मोलाची, ते जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीन चर्चच्या अवशेषांत बघा. जॉर्जियाच्या राणी केतेवानचं हाड डीएनएने ओळखलं हे सगळे सांगतात. पण कोणतं हाड तपासायचं हे ठरलं, कारण जुन्या कागदपत्रांत खिडकीजवळच्या पेटीचा उल्लेख होता आणि उत्खननात हाड कुठे सापडलं याची नोंद होती.

खापरं ओळखणं हळूहळू जमतं. जांभ्याचे खडे हुबेहूब खापरासारखे दिसतात. तुटलेली कड बघा: खापराची जाडी सारखी असते आणि त्याला बाक असतो.

गोव्याचं म्हणाल तर ‘समर’ हा शब्द इथे कामाचा नाही. जूनमध्ये बाल्क (चौकोनांमध्ये न खोदता ठेवलेल्या मातीच्या भिंती) ढासळतात, काम पावसाळ्याआधी संपवावं लागतं. इथे उत्खनन दरवर्षी होईलच असं नाही. एमए करणार असाल तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात फील्डवर्क अभ्यासक्रमातच आहे. मी आधी तेच बघेन.

एक मान्य करतो, फोटोग्रामेट्री (बरेच फोटो संगणकावर जोडून मोजमाप घेणं) वाईट नाही. प्लॅनसाठी, म्हणजे वरून दिसणाऱ्या नकाशासाठी, उत्तम, सेक्शनलाही जोडीला घ्यावी. फक्त तिच्या जोरावर कुणाला शिकवू नये. आणि हो, सरावासाठी स्वतःच्या कुळागरातली जुनी भिंत उकरायला जाऊ नका. उत्खननाला परवाना लागतो. आखणी आणि सेक्शनचा सराव चिऱ्याच्या बंद खाणीत, मालकाला विचारून, छान होतो. पावसानंतरची ओली कडा मात्र टाळा.

गेलात तर ट्रॉवेल आपली न्या. 4 इंची, टोकदार, पातं आणि मान एकाच तुकड्यातून घडवलेली. वेल्ड केलेली मान जांभ्यात तुटते.