कायमेरा म्हणजे संकर नव्हे

प्रश्न असा : पांढऱ्या कडेच्या पानांच्या शोभेच्या झाडांना वनस्पतिशास्त्रात कायमेरा म्हणतात, मग मराठीत 'संकरित' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. संकरात दोन्ही पालकांची गुणसूत्रं प्रत्येक पेशीत एकत्र येतात. कायमेरात दोन तऱ्हांच्या पेशी एकाच झाडात शेजार करून राहतात, मिसळत नाहीत. १९०७ साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स विंकलर यांनी टोमॅटो आणि त्याच्याच कुळातली रानटी कामोणी यांचं कलम बांधलं, सांधा जुळल्यावर तिथंच आडवा छेद घेतला. त्या छेदावर फुटलेल्या एका कोंबाची एक बाजू कामोणीची, दुसरी टोमॅटोची! सिंह, शेळी आणि साप मिळून झालेल्या ग्रीक राक्षसीचं नाव त्यांनी त्याला दिलं. परिभाषेत 'विचित्रोतकी' असाही शब्द दिसतो. मला तो लिहवत नाही, मी कायमेराच लिहितो.

पेशी मिसळत नाहीत म्हणूनच तर त्यांचा माग काढता येतो. १९४० साली सटीना, ब्लेक्सली आणि एव्हरी या संशोधकांनी धोतऱ्यावर कॉल्चिसीन हे गुणसूत्रं दुप्पट करणारं रसायन वापरून वाढत्या शेंड्यातल्या एखाद्याच थराची गुणसूत्रं वाढवली. अशा पेशी आकारानं मोठ्या, सूक्ष्मदर्शकाखाली लगेच ओळखू येणाऱ्या. त्यावरून शेंड्यात तीन थर असतात हे पक्कं झालं : वरच्यातून पानाची त्वचा, मधल्यातून त्वचेखालचा गर आणि परागकण, आतल्यातून गाभा.

आता पांढरी कड. पानाच्या कडेचा गर बहुतेक मधल्या थराचा असतो. त्या थरात हरितद्रव्य नसेल तर कड पांढरी, आणि मध्यभागी आतला हिरवा थर दिसतो. गंमत म्हणजे वरच्या थरातली एखादी पेशी चुकून आत सरकली, तर ती त्वचा न होता मुकाट्यानं गर होते. म्हणजे पेशीचं पुढं काय होणार हे तिच्या कुळापेक्षा तिच्या जागेवर जास्त ठरतं.

मात्र दुरंगी पान दिसलं की कायमेरा, असंही नाही. भेंडीचं पान हिरवं-पिवळं करणारा केवडा हा विषाणूचा रोग आहे. उलट पिवळ्या कडेचा स्नेक प्लांट खरा कायमेरा : पानाचा तुकडा लावला तर नवं रोप सहसा साधं हिरवंच येतं. पिवळी कड हवी असेल तर गड्डा फोडूनच लावावा लागतो.