पहिल्या घोटावरून ठरवू नकोस

आंबट बिअरची बाटली फ्रिजमधून काढलीस की लगेच ओतू नकोस. ठाण्याच्या उकाड्यात पंधरा मिनिटं पुरे, साधारण १२ अंशांना वास मोकळा होतो. आणि मामलेदारची मिसळ खाऊन त्याच दुपारी चाखायला बसू नकोस, जीभ बधिर असते.

लहान वाइन ग्लासात थोडीच ओत, तळाचा गाळ बाटलीतच राहू दे. आधी वास घे. ओलं गवत, चामडं, थोडा गोठा जाणवला तर बिअर खराब नाही. ते ब्रेटॅनोमायसिस या यीस्टचं काम. ब्रसेल्सजवळच्या लँबिक या आंबट बिअरमध्ये हवेतले आणि लाकडी पिंपातले जंतूच बिअर आंबवतात, आणि ग्यूझ या बिअरसाठी एक, दोन, तीन वर्षांच्या लँबिकचं मिश्रण करतात.

पहिला घोट फक्त तोंडाला सवय लावतो. तिसऱ्या घोटाला आंबटपणा नीट बघ: दह्यासारखा मऊ आहे, तर लॅक्टिक आम्ल. नाकात व्हिनेगरसारखा झोंबतो, तर ॲसेटिक आम्ल. तो जरासा असेल तर छान, वरचढ झाला तर मला तरी बिअर बिघडलेली वाटते. मग हिरड्या आक्रसल्यासारखं, कच्च्या केळ्यासारखं तुरट लागेल, ते पिंपाच्या ओक लाकडातलं टॅनिन. आमसुलाचं सार आवडणाऱ्याला हे लवकर कळतं, म्हणून तुझ्याबद्दल मला खात्री आहे.

अर्धा ग्लास तासभर ठेव, पुन्हा चाख.